अक्कलदाढेची शस्त्रक्रिया: चेतातंतू जपण्यासाठी

साधारणतः १७ ते २५ या वयात येणाऱ्या अक्कलदाढेला खालच्या जबड्यात अनेकदा पुरेशी जागा मिळत नाही आणि ती आडवी वा तिरपी अडकते. तिच्या मुळांजवळ, हाडातील नलिकेतून जाणारा चेतातंतू खालचा ओठ व हनुवटीला संवेदना पुरवतो. आतल्या बाजूने जाणारा दुसरा तंतू जिभेला. शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाल्यास बधिरता येते. ती बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. क्वचित कायम राहते.

म्हणून दाढ काढण्यापूर्वी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे म्हणजेच ओपीजी आवश्यक ठरतो. त्यात नलिकेची पांढरी रेषा मुळाजवळ तुटलेली, नलिका वळलेली किंवा मूळ काळसर दिसल्यास धोका अधिक समजला जातो. अशा वेळी सीबीसीटी या त्रिमितीय तपासणीतून मूळ व नलिका यांचे नेमके स्थान कळते. दोन्ही अगदी चिकटून असल्यास केवळ दाढेचा वरचा भाग कापून मुळे जागीच ठेवण्याचा, ‘कोरोनेक्टॉमी’चा पर्याय असतो. मात्र मुळे सैल असल्यास किंवा त्यांना जंतुसंसर्ग झाला असल्यास तो उपयोगाचा नाही.

नागपुरात १९६८ साली स्थापन झालेल्या शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात मुखशल्यचिकित्सेचा विभाग आहे. शस्त्रक्रिया कुठेही झाली, तरी भुलेचा अंमल उतरल्यावर ओठ वा जीभ बधिरच राहिल्यास डॉक्टरांना विनाविलंब कळवावे.