बोअरचा हिशेब

लोहारा हे गाव आता यवतमाळ शहराला जवळजवळ चिकटले आहे. औद्योगिक वसाहतही तिथे उभी आहे. तरी या भागातल्या शिवारांतली रात्रीची जागल सुटलेली नाही. रोही आणि रानडुकरे उभ्या पिकात शिरतात. जागलीच्या गप्पांत बंदुकीचा विषय निघाला की 'बारा बोअर', 'तीनशे पंधरा' असे आकडे सहज येतात. या आकड्यांना इतिहास आहे, आणि तो जनावरांपेक्षा माणसांचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मोठ्या जनावराला कोणता बोअर लागतो, हा इंग्रजी शिकारग्रंथांतला आवडता वाद. 'बारा बोअर' म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी. म्हणजे आकडा लहान, तितकी नळी मोठी. मध्य प्रांतातला लष्करी अधिकारी जेम्स फोर्सिथ जाड नळी, शिशाची गोल गोळी आणि भरपूर दारू यांचा पुरस्कर्ता होता. सातपुड्याच्या अरण्यांवरचे त्याचे पुस्तक १८७१ साली निघाले. काळ्या दारूने गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देता येत नसे. तेव्हा गव्याची हाडे फोडायची तर वजनच वाढवावे लागे. पुढे कॉर्डाइट आले आणि वजनाची उणीव वेगाने भरून निघू लागली. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीची ४५० नायट्रो एक्सप्रेस आली (हा आकडा मात्र इंचाच्या हजाराव्या भागांचा) आणि वाद मिटला असे वाटले.

तो मिटवला नाही सरकारने. १९०७ मध्ये ४५० बोअरच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी आली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअरही ४५०च होता. चोरीला गेलेल्या त्या रायफलींना शिकाऱ्यांचा दारूगोळा मिळू नये, ही धास्ती. वंगभंगाच्या चळवळीचेच ते दिवस होते. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी मग ४६५, ४७०, ४७५ असे बोअर काढले. ४५० आणि ४७० यांत नाममात्र अर्धा मिलिमीटरचा फरक. वाघ-गव्यांच्या अंगात त्या वर्षी काही बदल झाला नव्हता. बदलली होती ती राज्यकर्त्यांची झोप.

लष्कराच्या ३०३ बाबतही तेच झाले. ते काडतूस सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून हिंदुस्थानच्या बाजारासाठी ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतुसावर बेतलेली ३१५ आली. वर्ज्य बोअर लहान आणि परवानगीचा मोठा, हा विनोद स्वातंत्र्यानंतरही टिकला. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने ३१५च्या स्पोर्टिंग रायफली बनवल्या, आणि 'प्रतिबंधित बोअर' हा शब्दप्रयोग आपल्या परवान्यांच्या भाषेत कायमचा रुजला.

उत्तरेकडच्या थंड देशांत हा वाद खरोखर जनावरावरून चालतो. अलास्कातल्या तपकिरी अस्वलासाठी ३७५चा आग्रह धरणारे आहेत. स्वीडनमध्ये घोड्याएवढे मूस साडेसहा मिलिमीटरच्या गोळीने पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल भेट मिळालेली रिग्बीही अवघी २७५ची होती. गोळी कुठे लागते याला तिच्या जाडीपेक्षा अधिक महत्त्व आहे, हे मुरलेले शिकारी जाणून असतात. पण असा वाद घालायलासुद्धा हातात निवड असावी लागते.

ती आपल्याकडे कोणाच्या हाती होती? १८७८चा शस्त्र कायदा लिटनच्या कारकिर्दीत झाला. युरोपियनांना त्याच्या नियमांतून सूट होती. एतद्देशीयाला परवान्यासाठी खेटे घालावे लागत. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच याविरुद्ध ठराव केला होता. वऱ्हाडातला वणी जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा झाला. साहेबाच्या शिकारीत हाका घालणाऱ्यांची स्थिती त्याने पालटली नाही. शिकारग्रंथांत रायफलीचा बोअर, काडतुसातल्या दारूचे वजन, वाघाची लांबी, सारे नोंदलेले असते. हाकाऱ्यांची नावे बहुधा नसतात. विद्यार्थ्यांनी ही पुस्तके वाचताना तेवढ्यासाठी तरी पाने उलटून पाहावीत.

१९५९च्या कायद्यातही या उतरंडीची खूण उरली. पीकरक्षणासाठी परवाना मागणाऱ्या शेतकऱ्यापुढे कायद्याने ठेवली ती ठासणीची बंदूक, आपल्याकडची भरमार. बोअरच्या वादात या शेतकऱ्याला जागाच नव्हती. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. पिकात शिरणारे रोही राहिले.

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री याच जिल्ह्यात, राळेगाव परिसरात, टी-१ वाघीण गोळी लागून मेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. नंतर वाद पेटला तो बेशुद्धीचा डार्ट खरोखर आधी मारला होता का आणि गोळी झाडण्याचा अधिकार कोणाला होता, यावर. रायफल बाहेरून बोलावलेल्या शिकारी चमूकडे होती. ज्यांच्या शिवारात ती वाघीण फिरत होती, ते शेतकरी आणि गुराखी हातात काठ्या घेऊन, टोळीटोळीने कामावर जात होते.