सस्कॅचेवानचे तेवीस दिवस

आमच्या वसई-मुंबईकडील ख्रिस्ती घरांतील अनेक मुले आज कॅनडात स्थायिक झाली आहेत. सुटीवर आली की ती तेथील थंडीची तक्रार करतात, डॉक्टरांकडे ताटकळावे लागते म्हणून कुरकुरतात. परंतु इस्पितळाच्या बिलाची चिंता त्यांच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही. ही निश्चिंती त्या देशाला सुखासुखी लाभलेली नाही. तिच्यासाठी झालेल्या संघर्षात एक धर्मगुरूही होते, आणि ते कोठे उभे होते हे आम्हा धर्मगुरूंनी विसरू नये.

सस्कॅचेवान हा गव्हाच्या शेतीचा, विरळ वस्तीचा प्रांत. 1930 नंतरच्या दशकात तेथे दुष्काळ आणि धुळीची वादळे यांनी शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. डॉक्टरची फी द्यायला पैसा उरला नाही. परंतु एकमेकांस धरून राहण्याची रीत त्या माणसांत जुनीच होती. कित्येक गावे पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच करातून वेतन देऊन गावासाठी डॉक्टर नेमीत असत.

या भूमीत टॉमी डग्लस नावाचा बाप्तिस्त पंथाचा तरुण पाळक 1930 साली वेबर्न गावी आला. लहानपणी हाडाच्या विकाराने त्याचा पाय कापण्याची पाळी आली होती. विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने एका शल्यविशारदाने फुकट उपचार केले, म्हणून पाय वाचला. डग्लस त्या डॉक्टरचे उपकार जन्मभर विसरला नाही; मात्र गरिबाच्या मुलाचा पाय कोणाच्या तरी मर्जीवर का अवलंबून असावा, हा प्रश्नही त्याने सोडला नाही. 1944 साली तो प्रांताचा मुख्यमंत्री झाला. 1 जानेवारी 1947 पासून सर्वांसाठी इस्पितळ विमा सुरू झाला. वर्षाला माणशी पाच डॉलर, कुटुंबाला फार तर तीस.

इस्पितळाचा खर्च सुटला, डॉक्टरच्या फीचा प्रश्न उरला. 1960 ची निवडणूक डग्लसने याच प्रश्नावर लढविली व जिंकली. 1961 च्या नोव्हेंबरात कायदा संमत झाला. डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेल्याने त्याची अंमलबजावणी वुड्रो लॉइड या माजी शिक्षकाच्या वाट्याला आली. 1 जुलै 1962 रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. इस्पितळांत केवळ तातडीची सेवा उरली.

डॉक्टरांना निव्वळ लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. सरकार एकदा पैसे देऊ लागले की उपचारांतही हुकूम चालवील, ही त्यांची भीती खरी होती. परंतु त्या भीतीची किंमत रुग्णांना मोजावी लागली. पहिल्याच दिवशी डॉक्टरच्या शोधात निघालेल्या आईबापांचे तान्हे बाळ वाटेतच दगावले.

याच वेळी विल्कॉक्स येथील नोत्र दाम कॉलेजचे फादर अ‍ॅथल मरे सरकारविरोधी सभांतून गर्जू लागले. मंदीच्या काळात फीऐवजी शेतमाल घेऊन गरिबांची मुले शिकविणारे हे उदार मनाचे धर्मगुरू. पण योजनेत त्यांना साम्यवादाची चाहूल लागली, आणि त्यांनी जाहीरपणे रक्तपाताची भाषा केली. ज्यांनी धान्याच्या मोबदल्यात विद्या दिली, त्यांनाच सर्वांनी मिळून औषधाचा भार उचलणे अधर्म वाटावे, हे आम्हाला वाचताना फार लागले. भयाने चांगल्या माणसाचीही दृष्टी कशी झाकोळते!

11 जुलै रोजी रिजायना येथे विरोधकांचा मोर्चा निघाला. अपेक्षेच्या मानाने फारच थोडे लोक आले. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. नागरिकांनी सहकारी दवाखाने उघडले. ब्रिटनचे लॉर्ड टेलर मध्यस्थीस आले आणि 23 जुलै रोजी सास्काटून येथे समेट झाला. डॉक्टर पगारी नोकर झाले नाहीत, योजनेबाहेर राहण्याची मुभाही त्यांना मिळाली. सर्वांसाठी विमा हे तत्त्व मात्र टिकले. 1964 च्या निवडणुकीत लॉइड यांचा पक्ष सत्तेवरून गेला, तरी नव्या सरकारने योजना रद्द केली नाही.

त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने ही योजना देशभर न्यावी अशी शिफारस केली. हॉल हे कॅथलिक. 1966 साली राष्ट्रीय कायदा झाला आणि 1972 पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. मधल्या काळात, 1963 साली, पोप तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात वैद्यकीय सेवा हा मानवाचा हक्क म्हणून नोंदविला होता.

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आजही शस्त्रक्रियेसाठी शिफारसपत्र मागणारे हात जोडून उभे राहतात. आम्ही पत्र देतो, दानपेटीतून थोडे पैसेही देतो, आणि दया केल्याचे समाधान मानतो. प्रभूच्या दाखल्यातील शोमरोन्याने जखमीला पट्ट्या बांधल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. उतारशाळेचा खर्च त्याने आधीच दिला, पुढच्याची हमीही घेतली. ती हमी एका वाटसरूने नव्हे तर साऱ्या गावाने घ्यावी, इतकेच त्या गहू पिकविणाऱ्या माणसांचे मागणे होते. त्यांच्या बाजूने उभे राहायला आम्ही कचरलो असतो का, हे आम्ही प्रामाणिकपणे स्वतःलाच विचारले पाहिजे.