दुर्बीण नवी की धुतलेली?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आमच्या एका गटात हप्त्यांचा हिशेब संपल्यावर एका काकूंनी हळूच विचारलं, "लघवीतून रक्त जातंय. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून बघावं लागेल. पण ती नळी आधी दुसऱ्या कुणाच्या आत गेलेली असणार. तीच मला घालणार का?" दोघी-तिघी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉक्टरांनाही तो कित्येक वर्षं सुटलेला नाही. आता तर एकदा वापरून टाकून द्यायची दुर्बीणही आली आहे. इथवर गोष्ट कशी आली, ती सांगते.

सुरुवातीला अडचण स्वच्छतेची नव्हतीच, उजेडाची होती. लघवीच्या पिशवीत मिट्ट काळोख. बघायचं कसं? जर्मनीतल्या फिलिप बोत्सिनी या डॉक्टरने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती, आरसा आणि नळी जोडून एक यंत्र केलं. व्हिएन्नाच्या मोठ्या वैद्यांनी त्याला नाकं मुरडली. बिचारा पस्तिशीतच तापाच्या साथीत गेला. १८५३ मध्ये पॅरिसच्या देसोर्मो यांनी मेणबत्तीच्या जागी स्पिरिट-टर्पेंटाइनचा दिवा लावला. मग १८७९ मध्ये माक्सिमिलियन नित्झे यांनी व्हिएन्नात योझेफ लाइटर या कारागिराच्या मदतीने उजेड थेट नळीच्या टोकाशी नेला. प्लॅटिनमची तार विजेने तापवायची आणि आतून भाजू नये म्हणून नळीत गार पाणी खेळवायचं, अशी ती रचना. आजच्या दुर्बिणीचं मूळ तिथे आहे.

आता खास बायकांची गोष्ट. आपला लघवीचा मार्ग आखूड असतो, जेमतेम चार सेंटीमीटर. पुरुषांचा कितीतरी लांब. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली हे स्त्रियांचे डॉक्टर होते. त्यांनी १८९० नंतरच्या काळात याचाच उपयोग केला. बाईला गुडघ्यांवर, छाती खाली टेकवून बसवायचं, साधी पोकळ धातूची नळी घालायची. पिशवीत हवा शिरून ती फुगते आणि कपाळावरच्या आरशाने उजेड टाकला की आतलं दिसतं. बाईला ते अवघडल्यासारखं होत असणार, हे मी तरी विसरू शकत नाही. पण एक गुण मोठा होता. नळीत भिंग नाही, तार नाही, म्हणजे ती सरळ उकळून घेता येत होती.

इथेच सगळी मेख आहे. उकळायला काही वाटत नाही ते साध्या भांड्याला. नाजूक वस्तू आचेवर ठेवता येत नाही. गावात पूर्वी काचेच्या सिरिंज पातेल्यात उकळायच्या, ते थोरल्या बायकांना आठवत असेल. भिंगं बसवलेल्या दुर्बिणीला तसं करता येत नव्हतं. दुर्बीण जितकी सुधारली, तितकी धुवायला कठीण झाली.

१९५४ मध्ये लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळणावरूनही नेता येतं, हे दाखवलं. त्यातूनच पुढे वाकणारी दुर्बीण आली. रोग्याला त्रास कमी झाला. पण आत केसाएवढ्या फटी, पाणी सोडायची बारीक वाट, आणि बहुतेक अशा दुर्बिणी वाफेच्या मोठ्या आचेत टिकत नाहीत. म्हणून त्या औषधी द्रवात बुडवून निर्जंतुक करतात. त्याआधी लगेच धुणं, आतून ब्रश फिरवणं, कुठे गळती आहे का ते पाहणं, नंतर पूर्ण सुकवणं. खरकटं वाळलं की भांडं घासताना काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू! जंतूही तसाच थर धरतात. वरून औषध ओतलं तरी थराखालचे वाचतात. पोलादी सरळ दुर्बिणींचं बरं आहे. आता त्यांतल्या बऱ्याच वाफेच्या यंत्रात घालता येतात आणि बायकांच्या तपासणीत त्या चालतात.

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना पत्र पाठवलं. साधारण चार वर्षांत लघवीच्या मार्गाच्या पुन्हा वापरायच्या दुर्बिणींबाबत ४५० हून अधिक नोंदी आल्या होत्या, संसर्गाच्या किंवा नीट साफ न झाल्याच्या. त्यात अमेरिकेबाहेरचे तीन मृत्यूही होते. दोष दुर्बिणीचाच, असं प्रत्येक वेळी सिद्ध झालं नव्हतं आणि धोका कमी आहे, असंही पत्रात होतं. गळकी दुर्बीण वापरू नका, ही त्यातली एक ठळक सूचना होती.

एकदाच वापरायची दुर्बीण याच काळात वाढली. डेन्मार्कच्या अँबू कंपनीने २००९ मध्ये श्वासनळीसाठी अशी दुर्बीण आणली होती. लघवीच्या पिशवीसाठीच्या तिच्या दुर्बिणीला २०२० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पाकीट फोडायचं, तपासायचं, टाकून द्यायचं. धुण्याची कटकट नाही, आधीच्या रोग्याची भीती नाही. पण दर वेळी नवीचा खर्च, आणि प्लास्टिक, कॅमेरा, तारा यांचा कचरा. उलट धुण्यालाही पाणी, औषधं, वीज आणि शिकलेला माणूस लागतो. जिथे रोज रांग असते, तिथे धुऊन वापरलेली स्वस्त पडते. महिन्याकाठी चार तपासण्या होतात, तिथे महागडी दुर्बीण घेऊन तिची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा टाकाऊ परवडू शकते. माझं मत विचाराल तर, नीट धुतलेली दुर्बीण कमी प्रतीची नाही. टाकाऊ दुर्बीण धुऊन पुन्हा वापरणं मात्र सगळ्यांत वाईट, कारण ती धुण्यासाठी बनवलेलीच नसते.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की नर्सताईंना विचारा: दुर्बीण कुठली, वाफेतून काढलेली की औषधातली? टाकाऊ असेल तर पाकीट माझ्यासमोर फोडाल का? बिलात ती वेगळी लावणार का? हे विचारल्याने कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारावं. पण या विचारात तपासणी लांबवू नये. लघवीतून रक्त दुखत नसलं तरी अंगावर काढू नये. त्यामागे मुतखडा असू शकतो, तसा कर्करोगही. तपासणीनंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, ती भरपूर पाणी प्यायल्यावर कमी होते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी परत दवाखान्यात जावं.