तालुका प्रतिनिधी : एका बिनपगारी पदाची गोष्ट

२८ सप्टेंबर २०२१ रोजी सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी उमरखेडजवळच्या दहागावच्या पुलावर पुराच्या पाण्यात शिरली आणि काठावरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत नाल्यात कलंडली. चालक-वाहकासह काहींचे प्राण गेले. ते चित्रण वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दिवसभर ते मराठी आणि हिंदी वाहिन्यांवर फिरत होते. ते काढले होते काठावर उभ्या असलेल्या माणसांनी, खिशातल्या मोबाइलवर. आमच्या गावच्या पत्रकारांनी ते मिळवले, आपापल्या वाहिनीच्या ग्रुपवर टाकले आणि संध्याकाळपर्यंत फोनवरून माहिती देत राहिले. रात्री बसस्थानकासमोरच्या हॉटेलात त्यांतला एक भेटला. मी विचारले, "याचे किती मिळतील?" तो हसला. "भाऊ, आज माह्यं नाव सहा वेळा आलं ना स्क्रीनवर," एवढेच म्हणाला.

त्याच हॉटेलात त्याच टेबलाशी मीही २००२ पासून नऊ वर्षे एका वाहिनीचा 'तालुका प्रतिनिधी' म्हणून बसलो आहे. वाहिनीचे नाव सांगत नाही. सांगून काही वेगळे कळणार नाही. पगार नव्हता. बातमी लागली तर तिचे पैसे मिळत, नाही लागली तर कॅसेट आणि पेट्रोल आपले. हे असे का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पत्रकारिता सोडल्यावर, मुलांना इतिहास शिकवू लागल्यावर पडला.

सोपे उत्तर असे की वाहिन्या कंजूष आहेत. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हे पद वाहिन्यांनी निर्माण केलेले नाही. ते त्यांना आयते मिळाले.

मराठी वृत्तपत्राला गावोगावचा बातमीदार लागला तो पहिल्यापासून. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि त्यानंतरच्या शतकात 'आमच्या बातमीदाराकडून' हे शब्द मराठी पत्रांतून सर्रास दिसतात. हा बातमीदार बहुधा शाळामास्तर, वकील किंवा कारकून असे. त्याचे पोट दुसऱ्या कामावर चाले, म्हणून पत्र लिहिण्याचे पैसे त्याने मागितले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. आमच्याच जिल्ह्यात लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळहून 'लोकमत' साप्ताहिक चालवले ते चळवळीचे काम म्हणून; मोबदल्याचा विचार त्या परंपरेत हलका मानला जाई. बिनपगारी बातमीदाराला तिथून प्रतिष्ठा मिळाली. ती प्रतिष्ठा पुढे मालकांच्या फार उपयोगी पडली.

स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्र हा धंदा झाला. १९७१ मध्ये 'लोकमत' नागपूरहून दैनिक झाले, इतर दैनिकांच्याही आवृत्त्या वाढल्या आणि तालुक्याच्या गावी एक नवा माणूस उभा राहिला. पहाटे एसटीतून उतरणारे गठ्ठे तोच घेई, पोरांकडून घरोघर टाकवी, महिनाअखेरीस बिले गोळा करी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणी आणि उरलेल्या वेळात बातमी लिही. एजंट आणि वार्ताहर एकच. कुठे कॉलमच्या सेंटिमीटरवर मानधन मिळे, कुठे तेही नाही. 'स्ट्रिंजर' हा इंग्रजी शब्दही तसाच, छापून आलेल्या मजकुराची लांबी दोरीने मोजून पैसे देण्यावरून आला असे सांगतात. म्हणजे वृत्तपत्र आपल्या तालुका वार्ताहराला बातमीचे पैसे देत नव्हते. विकण्याचा हक्क देत होते. अंक विका, जागा विका, त्यातले कमिशन तुमचे.

यात दोष उघड होता. ज्याची जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे? पण व्यवहार निदान समोर दिसत होता. माझे एक ज्येष्ठ, ज्यांच्याकडे मी बातमी लिहायला शिकलो, ते म्हणायचे, "पेपरचं बिल थकवणाऱ्या सरपंचाची बातमी मी बिनधास्त लिहितो. तो माझा देणेकरी आहे, मी त्याचा नाही." एजन्सीने त्यांना तेवढी ताठ मान दिली होती.

कायद्याने या माणसाकडे पाहिले, पण अर्धवट. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. कामाचे तास, रजा, नोटीस, वेतन मंडळ हे सारे त्यातले. पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रद्द केला. मग शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना अशी नावे येत राहिली. शेवटच्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. या साठ वर्षांच्या कागदात एक शब्द सगळीकडे आहे : वृत्तपत्र आस्थापना. दूरचित्रवाणी त्यात नाही. १९५५ मध्ये असण्याचे कारणही नव्हते. मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण खासगी वाहिन्या आल्या, वृत्तवाहिन्या आल्या, तरी तो शब्द बदलला नाही.

सरकारने वाहिन्यांना अटी घातल्या नाहीत असे नव्हे. २०११ मध्ये वृत्तवाहिनी काढू इच्छिणाऱ्या कंपनीचे किमान निव्वळ मूल्य ३ कोटींवरून २० कोटी रुपये करण्यात आले. मालकाजवळ किती पैसा असावा हे ठरले. बातमी आणणाऱ्याला किती द्यावा हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

२००० साली हैदराबादहून चालणारी ई-टीव्ही मराठी आली आणि जिल्ह्यांच्या बातम्यांना पडद्यावर रोजची जागा मिळाली. तो काळ आनंदाचा होता हे सांगितले पाहिजे. आमच्या 'बंदी भागा'तले, पैनगंगेच्या अभयारण्यातले गाव टीव्हीवर दिसते याचे अप्रूप आज कळायचे नाही. मी कर्ज काढून हँडीकॅम घेतला. चित्रण झाले की छोटी कॅसेट पाकिटात घालून, वर नाव-पत्ता लिहून, नागपूरच्या गाडीच्या चालकाच्या हाती द्यायची आणि पलीकडे कुणीतरी ती उतरवून घ्यावी म्हणून फोन करायचा. गाडी चुकली की बातमी शिळी. मग २००७ आणि २००८ या दोनच वर्षांत झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत, साम अशा चोवीस तासांच्या वाहिन्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीला जिल्ह्यात माणूस हवा होता, तालुक्यात डोळा हवा होता. मुंबईत पगारी पत्रकार नेमले गेले, जिल्ह्याच्या ठिकाणी काही थोडे. तालुक्यात मात्र वृत्तपत्राने तयार करून ठेवलेलाच माणूस उचलला.

आणि इथेच तो उघडा पडला. वृत्तपत्राने त्याला बातमीचे पैसे दिले नव्हते, पण विकायला अंक दिला होता. वाहिनीकडे विकायला अंक नाही. केबलचे पैसे केबलवाल्याचे, मोठ्या जाहिराती मुंबईच्या. मग तालुका प्रतिनिधीच्या हाती उरले काय? वाहिनीचे चिन्ह लावलेला बूम. तोच त्याचा अंक झाला, तीच त्याची जागा, आणि विकायचे ठरवले तर तेवढेच होते.

सगळ्यांनी विकले असे नाही. बहुतेकांनी झेरॉक्सचे दुकान टाकले, विमा विकला, शिकवण्या घेतल्या. पण विकणाऱ्याचे आणि न विकणाऱ्याचे उत्पन्न महिनाअखेरीस ताडून पाहिले की कोण टिकेल हे कळत होते. मी टिकलो नाही.

न विकणाऱ्याच्या बातमीवरही या व्यवस्थेचा परिणाम झाला आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. माझा सगळ्यात अस्वस्थ करणारा अनुभव तिथला आहे. २००५-०६ च्या सुमारास शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळ देशभर पोचले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या दिवसांत मला वरून फोन यायचा, "आज आहे का काही?" 'काही' म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक असायचे. ओसरीवर बसलेली बाई, भिंतीवरचा फोटो, एक बाईट : अर्ध्या दिवसाचे काम, आणि ही बातमी लागायचीच. पैसे मिळायचे.

पण त्या घराची खरी गोष्ट पुढे असे. राज्य सरकारची १ लाख रुपयांची मदत द्यायची की नाही हे जिल्हा समिती ठरवी. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की सावकाराचे, यावर 'पात्र' आणि 'अपात्र' असा शिक्का बसे. नवऱ्याच्या नावावर जमीन नव्हती, सासऱ्याच्या होती, म्हणून अपात्र ठरलेली एक बाई मला आजही आठवते. तिची बातमी करायची तर तलाठी, तहसील, बँक आणि शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या यवतमाळच्या फेऱ्या. तीन दिवस, आणि हाती लागणार कागद. कागदाला चित्र नाही. मी हिशेब केला आणि गेलो नाही. मृत्यूच्या बातमीचे पैसे घेतले होते, अपात्रतेची बातमी मला परवडली नाही. नऊ वर्षांत मी अशी किती घरे अर्ध्यावर सोडली याची नोंद माझ्याकडे नाही.

पुढे २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ऑगस्टपासून दाखल होत होते. मुंबईच्या पडद्यावर ती मोठी बातमी झाली ती सप्टेंबरअखेरीस, ऑक्टोबरात, माणसे गेल्यावर. विलंबाचे कारण केवळ पत्रकाराचे मानधन असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी रोज रुग्णालयात जाऊन खाटा मोजण्याचे पैसे कुणाला मिळत होते, हे विचारावेच लागते. पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला, तेव्हाही माझ्या पाहण्यात वाहिन्यांवर तो दिसला तो आंदोलनाच्या दिवशी. पूर, दौरा, मोर्चा, मृत्यू. उमरखेड पडद्यावर एवढ्याच चार रूपांत येते, कारण एवढेच फुकट मिळते.

पैसे घेऊन बातमी, हा प्रकार त्याच मुळावर वाढला. पैनगंगेपलीकडच्या नांदेड जिल्ह्यात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत काय झाले ते पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त मांडले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने छापून आली होती, एक मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा होता. निवडणूक खर्चात मात्र वृत्तपत्रातल्या जाहिरातींचे ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीवरच्या जाहिरातींचे ६,००० रुपये दाखवले होते. चव्हाणांनी आरोप नाकारले. निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. हे लक्षात घेऊनही तो ६,००० चा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आमचा उमरखेड मतदारसंघ लोकसभेला हिंगोलीत मोडतो. नदीच्या दोन्ही काठांचे राजकारण आणि पत्रकार एकमेकांना ओळखतात. निवडणुकीच्या महिन्यात केबलवर काय चालते हे इथले पोरही सांगेल.

प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडून याचा अहवाल करवून घेतला आणि नावे असलेला मूळ अहवाल बाजूला ठेवला. माहिती आयोगाच्या आदेशानंतरच तो लोकांसमोर आला. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कंत्राटी पद्धत आणि पत्रकारांचे तुटपुंजे वेतन ही पेड न्यूजची कारणे म्हणून नोंदवली. राजकारण्यांना हे समितीआधीच कळले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची एक ध्वनिफीत बाहेर आली. पत्रकारांना चहाला बोलवा, धाब्यावर न्या, म्हणजे विरोधात काही येणार नाही, असे ते कार्यकर्त्यांना सांगत होते. नंतर त्यांनी त्याचा वेगळा अर्थ सांगितला. गावातल्या पत्रकारांनी निषेध केला. निषेधाच्या सभेनंतर एकजण मला हळूच म्हणाला, "राग कशाचा आला सांगू? किंमत फारच कमी लावली."

२०२० मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षेची जी संहिता मंजूर केली तिच्यात श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमे आली, पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही. पासष्ट वर्षांनी तो शब्द बदलला. पण व्याख्येत 'नेमलेला' हे विशेषण कायम आहे. २०१७ च्या राज्याच्या पत्रकार संरक्षण कायद्यातही नियमित किंवा कंत्राटी नेमणूक गृहीत आहे. आमच्या तालुक्यातला कोणता प्रतिनिधी नेमलेला आहे?

हा लेख लिहिताना मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, माझ्या नेमणुकीचा काही पुरावा सापडतो का पाहायला. बुरशी धरलेल्या कॅसेटी, रंग उडालेला बूमचा चौकोनी ठोकळा, आणि मुदत संपलेले ओळखपत्र, ज्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापले आहे की धारक हा कंपनीचा कर्मचारी नाही. नियुक्तीपत्र नव्हते, ते कधी मिळालेच नव्हते. वाहिनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, माझ्या पूर्ण नावाने आलेले पत्र एकच निघाले. २००९ च्या दिवाळीतले, तालुक्यातून शुभेच्छांच्या जाहिराती किती रुपयांच्या आणायच्या ते सांगणारे.