मोटार शिकवण्याचे मोल

सोळा वर्षांच्या मुलाने प्रथम मोटारीच्या सुकाणूमागे बसणे हा अमेरिकेतील सामान्य कुटुंबात एक संस्कारच मानला जातो. त्या देशातील अंतरे मोठी आहेत. शाळा, बाजार आणि कामाची जागा एकमेकांपासून कोसकोस दूर असतात, आणि आगगाडी वा बस यांची सोय मोजकी मोठी शहरे सोडल्यास तुटपुंजीच असते. मोटार चालवण्याचा परवाना हाती येणे म्हणजे नोकरीचे आणि स्वतंत्र वावराचे दार उघडणे होय. परंतु मुलाला मोटार शिकवायची कोणी, आणि त्या शिक्षणाचा खर्च सोसायचा कोणी? वरवर पाहता हा प्रश्न घरगुती हिशेबाचा वाटतो. तथापि सुमारे नव्वद वर्षे त्या देशातील शाळा, विधिमंडळे आणि विमा कंपन्या त्याच्याशी झगडत आल्या आहेत, आणि अद्याप त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. मोटार ही श्रीमंतांची चैन होती, आणि ज्याने ती विकली तोच दोन-चार फेऱ्या मारून ती चालवण्याची युक्ती खरेदीदारास दाखवीत असे. मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी या घटकराज्यांनी 1903 साली परवान्याची पद्धत सुरू केली खरी. पण परवाना देण्यापूर्वी परीक्षा घ्यावी, हा विचार ऱ्होड आयलंडने 1908 साली प्रथम अमलात आणला. इतर राज्ये फार मागे राहिली. साउथ डकोटा राज्यात तर 1954 पर्यंत परवान्याचीच सक्ती नव्हती. दरम्यान 1908 साली हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार बाजारात आली. प्रारंभी सुमारे 850 डॉलर असलेली तिची किंमत पुढे 300 डॉलरांच्याही खाली उतरली आणि मोटार शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. घोडा हाकणारा मुलगा आता मोटार हाकू लागला. बाप शिकवील तेवढेच शिक्षण, आणि त्याचे शुल्क शून्य. मात्र हे फुकटचे शिक्षण समाजाला महाग पडत होते. चौथ्या दशकात त्या देशात बहुतेक वर्षी तीस हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर प्राणास मुकत होती.

या पार्श्वभूमीवर पेन्सिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावी 1933-34 च्या सुमारास एक साधाच दिसणारा प्रयोग झाला. तेथील महाविद्यालयात औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक एमॉस नेहार्ट यांनी गावच्या माध्यमिक शाळेतील मुलांना मोटार शिकवण्यास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी स्वतःची ग्रॅहम-पेज बनावटीची मोटार वापरली. माध्यमिक शाळेतील चालकशिक्षणाचा हा आद्य वर्ग मानला जातो. नेहार्ट यांचे म्हणणे असे की, मोटार चालवणे ही केवळ हातापायांची कसरत नसून ती वृत्तीची आणि विवेकाची बाब आहे. म्हणून भाषा आणि गणित यांच्याप्रमाणे तीही शाळेतच शिकवली गेली पाहिजे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारधारकांच्या संस्थेने त्यांना साहाय्य केले. पुढे नेहार्ट यांनी देशभर हिंडून शिक्षकांना हे शास्त्र शिकवले आणि थोड्याच वर्षांत ही कल्पना सर्वत्र पसरली.

कल्पना सर्वमान्य झाली, पण तिच्या पोटी अंकगणिताची एक अडचण दडलेली होती. कालांतराने तीस तास वर्गात आणि सहा तास प्रत्यक्ष सुकाणूवर असे या शिक्षणाचे प्रमाण रूढ झाले. तीस मुलांचा एक वर्ग घेतला, तर वर्गातील धड्यांसाठी शिक्षकाचे तीसच तास लागतात, कारण तीसही मुले एकाच वेळी ऐकत असतात. मोटारीत मात्र सुकाणू एकाच मुलाच्या हाती देता येते. मागच्या आसनावर बसलेली दोन-तीन मुले फार तर निरीक्षण करू शकतात. प्रत्येकी सहा तास धरले, तरी तीस मुलांसाठी शिक्षकाचे एकशे ऐंशी तास खर्ची पडतात. शिवाय मोटार, पेट्रोल, शिक्षकाच्या पायाशी बसवलेला जादा ब्रेक आणि विम्याचा हप्ता हे निराळेच. ज्या भागाची मुलाला सर्वांत अधिक गरज, तोच भाग सर्वांत महाग, अशी ही विचित्र अवस्था होती.

ही तोंडमिळवणी करण्याचे उपाय त्या काळात पुष्कळ झाले. गावातील मोटार-विक्रेते शाळांना नव्या मोटारी नाममात्र मोबदल्यात वा विनामूल्य वापरण्यास देत. त्यात परोपकार होता, तसा व्यापारही होता. कारण आज जो मुलगा त्या मोटारीत शिकला, तोच उद्याचा ग्राहक होता. विमा कंपन्यांनी शिकलेल्या मुलांना हप्त्यात सूट दिली, तेव्हा शिक्षणाचा काही खर्च बापाला विम्याच्या कागदावर परत मिळू लागला. 1950 नंतरच्या दशकात खोट्या मोटारींचे वर्गही निघाले. मुलांनी ओळीने मांडलेल्या आसनांवर बसायचे, समोरच्या पडद्यावर रस्त्याचे चित्र पाहायचे आणि सुकाणू फिरवायचे. एका शिक्षकाने अनेकांना एकदम शिकवावे, हा त्यामागील हेतू उघडच आर्थिक होता.

1966 साली अमेरिकन काँग्रेसने महामार्ग सुरक्षा कायदा केला. त्या सुमारास वार्षिक अपघाती मृत्यूंची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. चालकशिक्षण हे राज्यांच्या सुरक्षाकार्यक्रमाचे एक अंग ठरले आणि मध्यवर्ती सरकारचा पैसा त्याच्याकडे वळला. शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या घराला त्याची झळ फारशी लागत नसे. खर्च करदात्यांच्या खाती पडे. हमालाचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एकाच मोटारीत, एकाच शिक्षकापाशी शिकत. त्या व्यवस्थेचा हा गुण नंतरच्या काळात विसरला गेला.

विसरण्यास निमित्तही तसेच घडले. सार्वजनिक पैसा खर्च व्हायचा, तर त्याचे फळ मोजले पाहिजे, या न्यायाने जॉर्जिया राज्यातील डिकॅल्ब परगण्यात एक मोठी चाचणी घेण्यात आली. सुमारे सोळा हजार विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी झाली. एका गटाला वर्ग, कृत्रिम मोटार, बंदिस्त मैदान आणि प्रत्यक्ष रस्ता असे सत्तर तासांच्या आसपासचे परिपूर्ण शिक्षण मिळाले. दुसऱ्याला परवान्याची परीक्षा उतरण्यापुरते शिकवले गेले. तिसऱ्याला शाळेने काहीच शिकवले नाही. जे शिकायचे ते घरी. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांची निराशा केली. परिपूर्ण शिक्षण घेतलेल्या मुलांच्या अपघातांत आरंभी किंचित घट दिसली, पण ती टिकली नाही. उलट, शिकलेली मुले लवकर परवाना काढून लवकर रस्त्यावर येतात, त्यामुळे धोक्याचे दिवसच वाढतात, असाही आक्षेप पुढे आला. कनेक्टिकट राज्याने 1976 साली शाळांना या कामासाठी दिले जाणारे अनुदान बंद केले होते. ज्या गावांतील शाळांनी हा विषय मग सोडून दिला, तेथे सोळा-सतरा वर्षांच्या पुष्कळ मुलांनी परवाना काढणेच लांबणीवर टाकले आणि त्या वयातील अपघात कमी झाले, असे 1980 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. शिक्षण वाईट होते, असे ते सांगत नव्हते. सहा तासांच्या सुकाणूने अनुभव येत नाही आणि सोळाव्या वर्षीचा उतावीळपणा वर्गात बसवून जात नाही, एवढेच ते सांगत होते. परंतु तिजोरीची चिंता असलेल्यांना अर्थ एवढाच उमगला की, हा खर्च वगळण्यासारखा आहे. मध्यवर्ती आस्था ओसरली, अनेक शाळांनी मोटारी परत केल्या आणि शिक्षक अन्य विषयांकडे वळले. खर्च मात्र नाहीसा झाला नाही. तो शाळेच्या अंदाजपत्रकातून निघून कुटुंबाच्या खिशात जाऊन बसला.

आता पालकांपुढे निरनिराळे मार्ग उभे राहिले आणि त्यांची तुलना करणे भाग पडू लागले. पहिला मार्ग खाजगी मोटारशाळेचा. तेथे वर्ग आणि सुकाणू दोन्ही मिळतात, शिक्षक अनुभवी असतो, पण काही शेकडा डॉलर मोजावे लागतात. दुसरा मार्ग संगणकावरील पाठांचा. नियम आणि खुणा घरबसल्या शिकता येतात आणि शुल्क पुष्कळदा शंभर डॉलरांच्या आतच असते. परंतु हा शिक्षणाचा स्वस्त अर्धा भागच होय. सुकाणूचे तास निराळे विकत घ्यावे लागतात. तिसरा मार्ग आईबापांनीच गुरू होण्याचा. टेक्सास राज्याने 1997 साली त्यास रीतसर मान्यता दिली. तेथील पालकाने ठराविक मार्गदर्शिका वीस डॉलरांना घ्यावी, मान्य अभ्यासक्रम निवडावा आणि मुलाला शिकवावे, अशी ती योजना आहे.

कागदावर तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो. परंतु त्याच राज्याचे नियम वाचले म्हणजे त्याची खरी किंमत ध्यानात येते. सात तास सुकाणूवर, सात तास शेजारी बसून निरीक्षण, आणि त्याखेरीज तीस तासांचा सराव, त्यातील दहा तास रात्रीचे. या सर्व तासांना शेजारी परवानाधारक प्रौढ माणूस हवा, घरी एक मोटार हवी आणि तिच्यावर विमा हवा. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या विधवेने हे चव्वेचाळीस तास आणायचे कोठून? ज्याच्या घरी मोटारच नाही, त्याला मार्गदर्शिकेचे वीस डॉलर म्हणजे स्वस्ताई नव्हे. शुल्क, वेळ, मोटार आणि विम्याचा हप्ता या चारही रकमा एकत्र मांडल्याशिवाय कोणताही मार्ग स्वस्त वा महाग म्हणता येत नाही.

यातूनच चौथा मार्ग निघाला, आणि तो कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. तो म्हणजे थांबण्याचा. बहुतेक राज्यांत चालकशिक्षणाची सक्ती अठरा वर्षांखालील मुलांनाच असते. अठरावे वर्ष उलटले की केवळ परीक्षा देऊन परवाना मिळू शकतो. गरीब कुटुंबातील मुले साहजिकच थांबतात. वय वाढले की शहाणपण थोडे वाढते, हे खरे. परंतु दरम्यान एक गोष्ट बदलून गेली होती. न्यूझीलंडने 1987 साली पायरीपायरीने परवाना देण्याची पद्धत सुरू केली, आणि फ्लॉरिडाने 1996 साली तिचे अनुकरण केल्यावर ती अमेरिकेत सर्वत्र पसरली. आधी देखरेखीखाली दीर्घ सराव, मग रात्री चालवण्यास आणि सोबत्यांना घेऊन हिंडण्यास बंदी, आणि शेवटी पूर्ण परवाना, असा तिचा क्रम. सोळा वर्षांच्या मुलांचे प्राणघातक अपघात तिने खचितच कमी केले. पण हे संरक्षणही अनेक ठिकाणी अठराव्या वर्षी संपते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासात असे दिसले की, जेथे ही पद्धत कडक होती, तेथे सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात घटले, परंतु अठरा वर्षांच्यांचे वाढले. थांबलेला मुलगा शिक्षणालाही मुकतो आणि पायऱ्यांनाही मुकतो. तो एकदम भर रहदारीत उतरतो.

मग शिक्षणाचा उपयोग आहे की नाही? नेब्रास्का राज्यातील दीड लाखांहून अधिक तरुण चालकांची पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. केवळ पालकांच्या सराव-नोंदीवर परवाना घेतलेल्यांपेक्षा चालकशिक्षण घेतलेल्यांचे अपघात आणि नियमभंग कमी आढळले. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, म्हणून तिच्यावर डिकॅल्बइतका भार टाकता येणार नाही. तरीही पायऱ्यांच्या पद्धतीत बसवलेले शिक्षण वाया जात नाही, असे मानण्यास तिच्यामुळे आधार मिळतो. नेहार्ट यांची मूळ श्रद्धा अगदीच भाबडी नव्हती, एवढे तरी म्हणता येईल.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये मोटारीच्या परवान्याचे किमान वय अठरा आहे. सोळाव्या वर्षी केवळ पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या, गीअर नसलेल्या दुचाकीची मुभा आहे. 1989 च्या नियमांनी मोटारशाळांसाठी किमान एकवीस दिवसांचे आणि प्रत्यक्ष दहा तास चालवण्याचे शिक्षण सांगितले. 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आली, आणि हलक्या मोटारीसाठी तेथील एकोणतीस तासांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण होणाऱ्यास पुढील चाचणीतून सूट मिळाली. 2019 च्या दुरुस्तीने तर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास ठेवला. येथे शाळेने हे ओझे कधी उचललेच नाही. ते प्रथमपासून घरावरच आहे. म्हणून ज्या घरी ते झेपत नाही, त्या घरच्या मुलाचे काय, हा अमेरिकेने मागाहून विचारलेला प्रश्न येथे आधीच विचारला गेला पाहिजे.

एमॉस नेहार्ट यांनी स्वतःची मोटार शाळेच्या दारी नेली, तेव्हा तिचे पेट्रोल कोणी भरायचे, याचा निर्णय त्यांनी आपल्यापुरता करून टाकला होता. एका माणसाला तो सोपा गेला. राष्ट्राला तो नव्वद वर्षांतही सोपा गेलेला नाही. शिकवणीचा खर्च टाळला, तरी तो कोणाला तरी द्यावाच लागतो, आणि पुष्कळदा तो देणाऱ्याचा त्या हिशेबाशी काही संबंधही नसतो. तो रस्त्याच्या कडेने पायी चाललेला असतो.