मेस्त्री आणि गिऱ्हाईक : खानदेशातील दुरुस्तीच्या व्यवहाराचा इतिहास व त्याची भाषा

मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना मार्ग आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा मार्ग हे दोन्ही धुळ्यास एकमेकांस छेदतात. दक्षिणेस लळिंगचा घाट, उत्तरेस शिरपुराच्या पलीकडे सातपुड्याचा चढ, आणि मध्ये तापी व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन, अशा या प्रदेशात गाडी मोडणे ही घटना नवी नाही. मोडलेली गाडी ज्याच्या दारी न्यावयाची त्याच्याविषयीची कुरकुरही नवी नाही. मोटार-दुरुस्तीच्या दुकानांतील दिरंगाई, अवाच्या सवा आकारणी आणि निकृष्ट काम यांविषयी आज जळगाव-धुळ्याचा गिऱ्हाईक जे बोलतो, त्याची पूर्वपीठिका मोटारीच्या आधी निदान शंभर वर्षे तरी मागे जाते. ती नीट पाहिल्यावाचून आजच्या तक्रारीचे स्वरूप कळणार नाही. यंत्र नवे आले एवढ्यावरून तक्रारही नवी ठरविणे हा सोपा, पण चुकीचा मार्ग होय.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा गावातील गाडीची दुरुस्ती सुतार व लोहार या दोन बलुतेदारांकडे होती. गाडीचे चाक हे या दोघांच्या सहकार्याचे फळ. तुंबा, आरे आणि पुठ्ठे सुताराने घडवावयाचे, आणि त्यांवर लोखंडी धाव लोहाराने चढवावयाची. धाव तापवून फुलली म्हणजे ती लाकडी चाकावर बसवितात व लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि सर्व सांधे आवळले जातात. लाकूड ओले वापरले असेल तर उन्हाळ्यात ते सुकून धाव सैल होते व चाक खिळखिळे होते. हा दोष कोणाचा, ओले लाकूड वापरणाऱ्या सुताराचा की माप चुकविणाऱ्या लोहाराचा, हा वाद गावोगाव होत असे. दोन कारागिरांनी एकमेकांकडे बोट दाखवावे आणि मालकाने मध्ये उभे राहावे, हा प्रसंग पुढे इंजिनाचा मेस्त्री व विजेच्या कामाचा मेस्त्री यांच्यात जसाच्या तसा उतरला आहे.

या कामाचा मोबदला बहुधा त्या त्या वेळी मिळत नसे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा मिळे, तेच बलुते. हक्क वंशपरंपरेचा असल्याने शेतकऱ्यास एका सुताराला सोडून दुसरा धरण्याची मोकळीक नव्हती, आणि सुतारासही अमक्याचे काम करणार नाही असे उघड म्हणण्याची सोय नव्हती. अशा बंदिस्त व्यवहारात असंतोषाला एकच वाट उरते, ती म्हणजे दिरंगाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात कारू-नारूंच्या मागण्यांखाली कुणबी कसा दबतो याचे विस्तृत विवेचन आहे. आत्र्यांचा कल उघडपणे कुणब्याकडे आहे, हे ध्यानात ठेवूनच तो ग्रंथ वाचावयास हवा. कारागिराच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. अवर्षणात खळेच भरले नाही तर बलुते कोठून येणार? १८९९-१९०० च्या दुष्काळाची झळ खानदेशास तीव्रतेने लागली. अशा वर्षी सुताराने नांगर व गाडी नीट ठेवूनही त्याच्या पदरात पडावयाचे ते काय, हा प्रश्न कोणत्याही तक्रारदाराने विचारलेला दिसत नाही. तेव्हा "उद्या ये" हे उत्तर केवळ आळसाचे नव्हते. ज्याच्या हाती भाव ठरविण्याची सत्ता नाही त्याच्या हाती वेळ तेवढी असते.

तथापि या व्यवहारात शेतकऱ्याकडे एक बळ होते, आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. त्याला काम कळत होते. लाकूड बाभळीचे आहे की दुसरे, ते मुरलेले आहे की नाही, वंगण पुरेसे घातले आहे की नाही, हे तो डोळ्यांनी पाहू शके आणि कानांनीही ऐकू शके. आस कुरकुरू लागला की दोष कोठे आहे याचा अंदाज गाडीवानास कारागिराइतकाच येई. निवड नव्हती, पण जाण होती.

हा बंदिस्तपणा ढिला होण्यास १८६० च्या दशकात आरंभ झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, त्याच दशकात लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून गेला, आणि स्टेशनापर्यंत कापूस वाहून नेणाऱ्या गाड्यांची रहदारी वाढली. गावाबाहेर, परक्या रस्त्यावर गाडी मोडली तर तेथील सुतार हा आपला बलुतेदार नव्हे. त्यास रोख पैसाच द्यावा लागे. रोख पैशाबरोबर नात्याचे नावही बदलले. संस्कृत 'ग्राहक' या शब्दापासून आलेला 'गिऱ्हाईक' हा शब्द बाजारातील खरेदीदारास पूर्वीपासून लावीत. तो कारागिराच्या दारी आलेल्या माणसास लागू होणे ही घटना आर्थिक इतिहासातील कोणत्याही सनदेइतकी बोलकी आहे. बलुत्याच्या संबंधात गिऱ्हाईक नसते, असते ती असामी किंवा घर.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मोटार या भागात स्थिरावली. मोटारीवरचा पहिला अखिल हिंदुस्थानी कायदा १९१४ चा, व त्याची जागा घेणारा १९३९ चा. मोटारीबरोबर जो शब्दसमूह आला त्याच्या मुळांकडे पाहिले असता व्यवहाराचे थर दिसू लागतात. 'मेस्त्री' किंवा 'मिस्तरी' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र' यावरून आलेला. त्याचा मूळ अर्थ उस्ताद, गुरू. 'कारागीर', 'दुरुस्ती' हे फारसीचे ऋण, 'मरामत' व 'नुकसान' हे अरबीचे. 'फिटर' इंग्रजी, भुसावळचे रेल्वे कारखाने आणि खानदेशातील कापसाच्या जिना यांतून तो मोटारीच्या आधीच बोलीत रुळला असावा. 'गॅरेज' मूळ फ्रेंच, आणि त्याचा अर्थ दुरुस्ती असा नसून ठेवण्याची, आश्रयाची जागा असा आहे. "गाडी गॅरेजला टाकली" हा मराठी प्रयोग त्या मूळ अर्थाशी नकळत जुळतो. गाडी टाकावी लागते, आणि ती तेथे राहते! खुद्द 'तक्रार' या शब्दाचा अरबीतील अर्थ पुनरुक्ती असा आहे. तेच ते पुन्हा सांगणे म्हणजे तक्रार, ही व्युत्पत्ती गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या कोणासही पटावी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, आणि पुढे प्रवासी वाहतूक मोठ्या प्रमाणावर महामंडळाकडे गेली. महामंडळाने आगारे आणि विभागीय कार्यशाळा स्वतःच्याच ठेवल्या, त्यामुळे सर्वांत मोठा वाहनधारक बाजारातील मेस्त्र्याचा गिऱ्हाईक झालाच नाही. बाजारात राहिले ते मालमोटारींचे लहान मालक, जीपधारक, पुढे स्कूटर व मोटारसायकलवाले आणि ट्रॅक्टर घेणारे शेतकरी. १९५३ नंतर सरकारी धोरणामुळे केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या देशातून निघून गेल्या; आयातीवर निर्बंध आले. त्या काळात जुन्या परदेशी गाडीचा सुटा भाग मिळणे दुष्कर झाले, आणि मेस्त्र्याची खरी विद्या भाग बदलण्याची नसून तो घडवून भागविण्याची ठरली. 'ओरिजिनल', 'डुप्लिकेट' आणि 'लोकल' ही तीन विशेषणे दुरुस्तीच्या मराठीत पक्की झाली ती अशा टंचाईतूनच. यांतील 'लोकल' हा शब्द विशेष लक्षणीय आहे; मूळ भाषेत केवळ स्थलवाचक असलेला शब्द येथे हलक्या प्रतीचा असा अर्थ पावला.

गॅरेजात बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या व्याकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. सकाळी एका कामासाठी सोडलेल्या गाडीविषयी सायंकाळी मालकास सांगितले जाते : "काम निघालं." कोणी काढले, कोणी पाहिले, याचा उच्चार नाही, काम जणू आपण होऊन उगवले. "क्लच गेला", "बेअरिंग वाजतंय", "पार्ट आला नाही", "पोरगा आला नाही" या वाक्यांत क्रियापदे अकर्मक आहेत आणि बोलणारा कर्त्याच्या जागी कोठेही नाही. याउलट आश्वासन देताना मेस्त्री प्रथमपुरुषात येतो : "करून देतो", "करून टाकतो". यातील 'टाकतो' हे सहायक क्रियापद क्रिया झटपट व निर्वेधपणे पुरी करण्याचा भाव दाखविते. वचन सकर्तृक आणि सबब अकर्तृक, असा हा वाक्यरचनेचा विभाग आहे. तो लबाडीचाच पुरावा मानणे अन्यायाचे होईल. "पाय घसरला", "दूध सांडलं" असे आपण सर्वच बोलतो, व मराठीत ही रचना सहज आहे. शिवाय यंत्राचा दोष पुष्कळदा खरोखरच उघडल्यावाचून दिसत नाही. पण खरा दोष आणि रचलेला दोष हे दोन्ही एकाच वाक्यात मावतात, व ऐकणाऱ्यास ते वेगळे करता येत नाहीत, येथेच गिऱ्हाइकाची अडचण आहे.

अहिराणी बोलणाऱ्यास आणखी एक सूक्ष्मता उपलब्ध असते. या बोलीत 'येजो', 'करजो' असे भविष्यार्थी आज्ञारूप आहे. गुजरातीशी तिचे हे साम्य प्रसिद्धच आहे. प्रमाण मराठीतील 'ये' हे रूप आत्ताचे की नंतरचे हे सांगत नाही. 'येजो' मात्र नंतरचे येणे सुचविते. मेस्त्री 'येजो' म्हणाला की दिवस ठरला नाही, पण आज नाही हे ठरले, हे उभयतांस कळते. प्रमाण मराठीत बोलणारा बाहेरगावचा गाडीवाला ही खूण चुकवितो आणि संध्याकाळी पुन्हा येतो.

बैलगाडीच्या काळात शेतकऱ्याला निवड नव्हती पण जाण होती. मोटारीच्या काळात निवड आली आणि जाण गेली. ही स्थिती खानदेशापुरती नाही. १९४१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'च्या वतीने अमेरिकेत एक प्रयोग झाला. चालू स्थितीतील गाडीची एक तार मुद्दाम सैल करून ती ३४७ गॅरेजांत नेण्यात आली, आणि ६३ टक्के ठिकाणी अनावश्यक काम किंवा अवास्तव आकारणी झाली. पुढे १९७३ मध्ये डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ज्या सेवेत रोगाचे निदान आणि उपचार एकच माणूस विकतो, त्या सेवेचा दर्जा गिऱ्हाइकास ती घेतल्यानंतरही पुरता कळत नाही. वैद्य आणि मेस्त्री हे त्या अर्थाने एका वर्गात पडतात. फरक एवढाच, की वैद्याविषयीची तक्रार पुष्कळदा संकोचाने गिळली जाते; मेस्त्र्याविषयीची चौकात बोलली जाते.

चौकात बोललेली तक्रार न्यायासनापुढे नेण्याची सोय कागदावर फार जुनी आहे. १८७२ च्या करार कायद्यातील निक्षेपाची कलमे येथे लागू पडतात. वस्तू हाती घेणाऱ्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यावी (कलम १५१). काम झाले की न मागता परत करावी (कलम १६०). त्याच्या कसुरीने वेळेवर परत न केल्यास तेव्हापासूनच्या हानीस तो जबाबदार राहतो (कलम १६१). पण लगेच कलम १७० कारागिराच्या हाती मोठे शस्त्र देते : श्रम व कौशल्य खर्चून काम पुरे केले असेल तर, उलट करार नसल्यास, मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा त्यास अधिकार आहे. कायद्यातील उदाहरण शिंप्याचे आहे. कोट शिवून होताच देईन व पैशांसाठी तीन महिने थांबेन असे वचन देणाऱ्या शिंप्यास कोट अडविता येत नाही. धुळ्याच्या रस्त्यावर मात्र उधारीचे असे वचन सहसा कोणी देत नाही. त्यामुळे वाद आकारणीचा असला तरी गाडी आत असते आणि मालक बाहेर. पैसे भरून गाडी सोडवावी आणि मग भांडावे, हाच व्यवहारी मार्ग उरतो. आणि पैसे भरल्यावर भांडण्याचा उत्साह कितीसा उरतो, हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात गिऱ्हाइकांच्या संघटनेस बळ आले ते १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीमुळे. 'गिऱ्हाईक' सोडून 'ग्राहक' हे तत्सम रूप चळवळीने स्वीकारले, ही निवड अर्थपूर्ण आहे. 'गिऱ्हाईक करणे' या प्रयोगात चेष्टेचा जो वास आहे तो 'ग्राहक' शब्दास नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवेतील न्यूनता' ही संज्ञा आणली आणि वकिलावाचून, मराठीत तक्रार मांडण्याची वाट जिल्ह्याच्या ठिकाणी मोकळी केली. २००२ च्या दुरुस्तीने व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा वगळली गेली, परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यास त्यातून सूट राहिली. रावेर-यावलच्या केळ्यांची एकच मालमोटार स्वतः चालविणारा माणूस ग्राहक ठरू शकतो. दहा मालमोटारींचा मालक बहुधा नाही.

२०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांस सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र मेस्त्र्यांस न देता आपल्याच अधिकृत दुकानांपुरती राखणे हा त्यांच्यावरील दोषारोप होता. अपिलात तो आदेश पुष्कळसा आकुंचित झाला, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. "पार्ट आला नाही" हे कर्त्यावाचूनचे वाक्य काही वेळा अक्षरशः खरे होते. कर्ता गॅरेजात नव्हता, कारखान्यात होता.

२०१९ च्या नव्या कायद्याने, जो जुलै २०२० मध्ये अमलात आला, तक्रारदारास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. जळगावच्या माणसाची गाडी शिरपुराजवळ बिघडली तर त्यास धुळ्याचे हेलपाटे पडत नाहीत. वस्तूतील दोषासाठी त्या कायद्यात प्रयोगशाळेच्या परीक्षणाची तरतूद आहे. सेवेच्या वादात मात्र निर्णय उभय पक्षांनी आणलेल्या पुराव्यावर अवलंबून राहतो. अधिकृत दुकानात गाडी देताना जॉबकार्डावर सही घेतली जाते. पुष्कळदा त्यावरील बारीक मजकूर इंग्रजीत असतो व न वाचता सही होते. महामार्गाच्या कडेच्या मेस्त्र्याकडे तेवढेही नसते. तेथे कामाची यादी तोंडी, मुदत तोंडी, भाव तोंडी, आणि बिल मागितलेच तर वहीच्या फाडलेल्या पानावर एक आकडा.