ओळखीच्या गाण्यांचे नाटक

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडली की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचा निर्देश केलेला दिसतो. कधी लावणी, कधी ठुमरी, कधी कीर्तनातले एखादे पद. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. प्रेक्षकाच्या कानात आधीच घर करून बसलेल्या सुरांवर नवे शब्द बसवणे हा उघड आणि प्रतिष्ठित व्यवहार होता. जॉन गे याने १७२८ साली लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स नाट्यगृहात ‘द बेगर्स ऑपेरा’ आणला, तोही याच रीतीने. त्यातल्या ६९ गाण्यांपैकी बहुतेकांच्या चाली तेव्हाच्या लोकांना तोंडपाठ होत्या; हेंडेलच्या ऑपेरातली एक कवायती चालही गेने दरोडेखोरांच्या तोंडी घातली. (याच नाटकावरून ब्रेख्त आणि वाइल यांनी १९२८ साली आपले नाटक केले, आणि त्यावरून पुलंनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’. म्हणजे हा वंशवृक्ष आपल्या अंगणापर्यंत पोचतो.)

या पुस्तकाचा विषय असलेले ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ त्याहून एक पाऊल पुढे जाते. ते चाल घेते आणि शब्दही जवळपास तसेच ठेवते. मग नाटककाराने केले काय? हा प्रश्न समीक्षक गेली पंचवीस वर्षे कुत्सितपणे विचारत आले आहेत. आपण तो कुतूहलाने विचारू.

‘मामा मिया!’ हे उदाहरण घेऊ. ६ एप्रिल १९७४ रोजी आबा या स्वीडिश गटाने ब्रायटनमध्ये युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. बरोबर २५ वर्षांनी, त्याच तारखेला, लंडनच्या प्रिन्स एडवर्ड थिएटरात त्या गटाच्या गाण्यांवर रचलेले हे नाटक सुरू झाले. निर्माती जुडी क्रेमर, लेखिका कॅथरीन जॉन्सन, दिग्दर्शिका फिलिडा लॉइड. ग्रीसच्या एका बेटावर सोफी नावाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, बाप कोण ते ठाऊक नाही, म्हणून ती आईच्या तीन जुन्या प्रियकरांना गुपचूप आमंत्रण धाडते. कथा पाहिली तर बेताचीच. पण ‘डझ युअर मदर नो’ या गाण्याचे काय होते ते पाहा. तबकडीवर ते आबातल्या ब्योर्न उल्व्हेउस या पुरुषाने गायले आहे, लगट करणाऱ्या कोवळ्या मुलीला उद्देशून. रंगमंचावर ते टान्या या प्रौढ बाईकडे येते आणि मागे लागलेल्या पोराला सुनावले जाते. शब्द जवळपास तेच, पण बोलणारा बदलला आणि गाण्यातला सगळा अवघडलेपणा हशात निघून गेला.

‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ हे १९८१चे गाणे त्याहून जास्त काही शिकवते. ब्योर्नने ते शाळेत निघालेल्या आपल्या लहान मुलीवरून लिहिले. नाटकात आई लग्नाच्या दिवशी लेकीला सजवताना ते म्हणते, आणि शाळेची ती सकाळ एकदम वर्तमानातून आठवणीत जाते. पाठवणीला डोळे पुसणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून द्यायला नको. माझ्या मते या नाट्यप्रकाराचे खरे कसब इथे आहे: गाणे कोण, कोणाला, कोणत्या घडीला म्हणते एवढेच बदलायचे, आणि तेवढ्याने त्याचा अर्थ हलवायचा. म्हणून असे नाटक पाहताना गाण्याइतकेच गाण्याच्या आधीच्या चार-पाच वाक्यांकडे लक्ष असू द्यावे. ओळखीची सुरावट सुरू होताच प्रेक्षागृहात जो हशा पिकतो, तो त्या चार-पाच वाक्यांनी कमावलेला असतो. हे जमले नाही की गाणी नुसती येतात आणि जातात. बीच बॉइजच्या गाण्यांवरचे ‘गुड व्हायब्रेशन्स’ २००५ साली ब्रॉडवेवर तीन महिनेही टिकले नाही. गाणी काही कमी लाडकी नव्हती.

दुसरी वाट चरित्राची. ‘जर्सी बॉइज’ (२००५) फोर सीझन्स गटाची हकिकत सांगते, पण चार ऋतूंचे चार भाग करून, प्रत्येक भाग गटातल्या वेगळ्या गायकाच्या तोंडून. इथे गाणे बहुतेक वेळा गाणे म्हणूनच येते, रंगमंचावरच्या मैफलीत किंवा स्टुडिओत. त्यामुळे पात्र अचानक गाऊ का लागले, हा प्रश्नच पडत नाही. ही सोय आहे, आणि आळशी लेखकांनी तिचा पुरेपूर फायदा उठवला आहे. ‘जर्सी बॉइज’ त्यांतले नव्हे.

बहुतेक नाटके एकाच गायकाच्या किंवा गटाच्या गाण्यांवर का उभी असतात, याचे उत्तर कलेइतकेच व्यवहारात आहे. पात्राच्या तोंडी घालून कथानकात गाणे वापरायचे तर नेहमीचा सादरीकरणाचा परवाना पुरत नाही. हक्कधारकाशी थेट बोलणी करावी लागतात. एकाच्या दारी जाणे आणि वीसजणांच्या दारी जाणे यांत फरक आहे. हिशेबाच्या या बाजूला पुढे वेगळे प्रकरण दिले आहे. विद्यार्थी ते गाळतात, त्यांनी गाळू नये.

एक प्रश्न वर्गात हमखास येतो: गाणी आधी ऐकून जावे की कोऱ्या कानाने? ‘मामा मिया!’साठी जरूर ऐकून जावे, नाहीतर निम्मी गंमत हुकते. शेवटच्या नमस्कारानंतर तिथे ‘वॉटर्लू’ गातात. कथेत त्याला जागा मिळाली नव्हती, आणि ते न ऐकता प्रेक्षक घरी जायला तयार झाला नसता. कॉनर मॅकफर्सनच्या ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ची (२०१७) गोष्ट निराळी. १९३४ सालचे मिनेसोटातले डुलुथ, मंदीने पिचलेले अतिथिगृह, आणि मधूनच पात्रे मायक्रोफोनपाशी येऊन बॉब डिलनची गाणी म्हणतात. ती कथा पुढे नेत नाहीत आणि कोणाला उत्तरही देत नाहीत. तिथे डिलन अजिबात ऐकलेला नसला तरी चालेल.